नाकाचा पडदा सरळ करण्याआधी

सोलापुरात नाक चोंदायला निमित्तं भरपूर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत असतात. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची पूड असते, ज्वारीची मळणी सुरू झाली की गावागावांत भुसा उडतो. यातलं काहीच वाट्याला आलं नाही तरी रस्त्यावरची धूळ आहेच. त्यामुळे ‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल’ असं ऐकून आलेला माणूस इथे नात्यागोत्यात एक तरी सापडतो. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, करून टाक, सर्दीची कटकट कायमची जाईल. दुसरा म्हणतो, अजिबात करू नकोस, हाड परत वाढतं. दोघांचंही म्हणणं चुकीचं आहे, आणि चूक एकाच गैरसमजातून येते.

नाकात सहसा काही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभा पडदा असतो, तो वाकडा असतो. या पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो. कानाच्या वरच्या, वाकवता येणाऱ्या भागात असते तिच्यासारखी. मागच्या भागात दोन पातळ हाडं असतात, आणि हा सगळा पडदा खाली वरच्या जबड्याच्या हाडावर टेकलेला असतो. दोन्ही बाजूंनी त्यावर ओलसर, गुलाबी अस्तर घट्ट चिकटलेलं असतं. लहानपणी तोंडावर पडणं, कबड्डीत बसलेलं कोपर, जन्माच्या वेळी नाकावर आलेला दाब अशा कशानेही पडदा सरकतो. कधी काहीच न होता, वाढीच्या वयात कूर्चा आणि हाडं वेगवेगळ्या गतीने वाढल्यामुळेही तो वाकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला ‘डीएनएस’ लिहितात.

अगदी सरळ पडद्याची माणसं कमीच. बहुतेकांचा थोडा डावा-उजवा असतो आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन काढला, त्यात पडदा वाकडा दिसला, पण श्वासाचा त्रास काहीच नाही, तर ऑपरेशनचं काही कारण नाही. शस्त्रक्रिया त्रासावर करायची असते, रिपोर्टमधल्या ओळीवर नव्हे.

आणि त्रास असला तरी तो पडद्याचाच आहे का, हे आधी ठरवावं लागतं. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि ओपीडीच्या गर्दीत नेमकी तीच राहून जाते. नाक बंद करणारे दोन वेगळे घटक असतात. एक मधला पडदा. दुसरं नाकाच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर असलेले मांसल उंचवटे, ज्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात आणि लोक ‘नाकातलं मांस’. या उंचवट्यांचं अस्तर रक्ताने फुगतं आणि ओसरतं. निरोगी नाकातही दर काही तासांनी एक बाजू थोडी फुगते, दुसरी मोकळी होते, मग उलट. ॲलर्जी असेल, धूळ सतत जात असेल, तर हेच अस्तर जास्त सुजतं आणि नाक चोंदतं. शस्त्रक्रियेने पडदा मध्यावर येतो. ॲलर्जी मात्र जिथल्या तिथे राहते. सकाळी उठल्यावर एकामागून एक दहा शिंका, नाकाला आणि डोळ्यांना खाज, पाण्यासारखं गळणारं नाक, ही तक्रार मुख्य असेल तर पडदा कितीही सरळ केला तरी ती फारशी हलणार नाही.

घरच्या घरी थोडा अंदाज घेता येतो. बंद असणारी बाजू कायम एकच असेल, म्हणजे दहा वर्षं डावीच बंद, तर पडद्यावर संशय जास्त. कधी डावी, कधी उजवी, कुशीवर झोपलं की खालची, असं असेल तर अस्तराचा हात मोठा. डॉक्टरही हेच वेगळ्या रीतीने पाहतात. आधी साध्या उपकरणाने, मग बारीक दुर्बिणीने नाक तपासतात, सूज उतरवणारं औषध मारून परत पाहतात. औषधाने नाक पूर्ण मोकळं झालं तर अडथळा सुजेचा होता. तरीही एक बाजू बंदच राहिली तर पडद्याचा. गाल बाजूला ओढून श्वास मोकळा होतो का हेही बघतात, कारण काहींचा अडथळा नाकपुडीच्या अगदी तोंडाशी, अरुंद फटीत असतो आणि तिथे नुसता पडदा सरळ करून भागत नाही. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. सायनसची शंका असेल तर लागतो.

इथे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या नाकाच्या थेंबांबद्दल बोललंच पाहिजे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणून लोक महिनोन्‌महिने बाटली खिशात ठेवतात. पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले की थेंबांचा असर उतरताना अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब. असा माणूस ‘हाड वाढलंय’ म्हणून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचू शकतो. थेंब हळूहळू सोडवणं हा त्याचा पहिला उपचार आहे. स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा ही वेगळी चीज. तो हळू काम करतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ चालतो. ॲलर्जी असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी काही आठवडे तो नीट वापरून बघणं योग्य.

मग शस्त्रक्रियेने खरंच फरक पडतो का? ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ३७८ प्रौढांवर याची रीतसर तुलना झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘बीएमजे’त आले. अर्ध्या लोकांची शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना सहा महिने मिठाच्या पाण्याचा आणि स्टेरॉइडचा फवारा दिला. नाकाच्या त्रासाचे ११० पैकी गुण काढले. जितके कमी तितकं बरं. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी २० च्या आसपास होती, फवाऱ्याच्या गटाची ४० च्या. नेदरलँड्समध्ये २०३ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासाचा कौलही शस्त्रक्रियेच्याच बाजूने होता. फरक स्पष्ट आहे. मात्र ही माणसं पडद्यामुळे नाक बंद आहे असं ठरवून निवडलेली होती. वरची चाळणी लावल्यावरच हा आकडा आपल्याला लागू होतो.

‘हाड परत वाढतं’ हे कुठून आलं, याचंही उत्तर आहे. नाकाचं बाहेरचं रूप दुरुस्त करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून नव्याने बसवल्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली आणि युरोपचे शल्यविशारद चकित झाले. नाकाच्या आत हात घालणं मात्र नाक बधिर करणारं औषध आणि डोक्याला लावायचा दिवा आल्यावरच जमलं. शिकागोच्या फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि जर्मनीच्या किलियन यांनी १९०४ मध्ये अस्तराखालून वाकडी कूर्चा-हाडं काढून टाकण्याची पद्धत मांडली. ती पुढे अनेक दशकं चालली. त्यात पडद्याचा बराचसा भाग काढला जाई. मग काहींचं नाक पुढे काही वर्षांनी मध्येच खचे, काहींच्या पडद्याला भोक पडे. जुन्या पिढीतले ‘ऑपरेशन करून नाक बिघडलं’ असे किस्से बरेचसे त्या काळातले. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोच्याच मॉरिस कॉटल यांनी जपून काढा, उरलेलं सरळ करून परत बसवा, या विचाराला जोर दिला. आज होते ती ‘सेप्टोप्लास्टी’ या विचारातली. कूर्चेला मूळचा बाक आठवतो, ती थोडी परत वळू शकते, हे खरं. प्रौढात नवं हाड मात्र उगवत नाही. ऑपरेशननंतर पुन्हा नाक चोंदलं तर बहुधा ती ॲलर्जी असते किंवा फुगलेलं टर्बिनेट.

नाकाची वाढ पुरी व्हावी म्हणून ही शस्त्रक्रिया साधारण सोळा-सतरा वर्षांनंतर करतात. फार त्रास असलेल्या मुलांचा विचार वेगळा होतो. ठरली की रक्ताच्या तपासण्या, साखर, रक्त गोठण्याची वेळ, ईसीजी, रक्तदाब होतो आणि भूलतज्ज्ञ ‘फिटनेस’ देतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करू नये आणि लपवूही नये. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. आयुर्वेदिक काढे-गोळ्याही सांगाव्यात. बिडी-सिगारेट जितकी आधी सुटेल तितकी जखम लवकर भरते. तपकीर ओढणाऱ्यांनी तर ती कायमचीच सोडावी. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. रुग्णालय वेगळं सांगेल तर त्यांचं ऐकावं.

भूल दोन प्रकारची. पूर्ण भुलीत झोप लागते, घशात नळी असते, म्हणून नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो. नुसतं नाक बधिर करूनही ही शस्त्रक्रिया होते, सोबत गुंगीचं इंजेक्शन देतात. त्यात दुखत नाही, पण हाडाच्या भागावर छोटी छिन्नी चालते तेव्हा ठक-ठक आवाज थेट डोक्यात ऐकू येतो आणि दाब जाणवतो. भित्र्या माणसाने हे आधी माहीत करून घ्यावं आणि पूर्ण भूल मिळेल का विचारावं.

चेहऱ्यावर कुठेही चीर येत नाही. नाकपुडीच्या आत, पडद्याच्या कडेला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर घेतात. तिथून अस्तर कूर्चेपासून आणि हाडापासून सुटं करत मागे जातात. कौशल्य लागतं ते इथे. अभ्रा न फाडता आतल्या उशीचा आकार दुरुस्त करायचा, तसं हे काम आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या अस्तरातूनच होतं. दोन्ही बाजूंचं अस्तर समोरासमोर फाटलं तर पडद्याला भोक पडू शकतं. अस्तर सुटं झालं की वाकड्या हाडाचा तुकडा काढतात, तळाशी टोकदार काटा आलेला असेल तर तो छाटतात, कूर्चेला जिथे ताण आहे तिथे बारीक छेद देऊन किंवा पट्टी काढून तिला मध्यावर आणतात. नाकाच्या वरच्या कण्याला आणि पुढच्या कडेला साधारण एकेक सेंटिमीटर रुंदीची कूर्चा राखून ठेवतात. नाक उभं राहतं ते तिच्या जोरावर. शेवटी दोन्ही अस्तरं एकमेकांना चिकटावीत म्हणून विरघळणारे टाके घालतात. टर्बिनेट फार फुगलेलं असेल तर ते त्याच वेळी थोडं लहान करतात. हे सगळं साधारण अर्ध्या ते दीड तासात होतं. बाहेरून नाकाचा आकार बदलत नाही. बाहेरूनही नाक वाकडं असेल आणि ते सरळ हवं असेल तर ती वेगळी, मोठी शस्त्रक्रिया आहे आणि ते आधीच बोलून घ्यावं.

खरा त्रास ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही, नंतरच्या दोन दिवसांत होतो, आणि तो दुखण्यापेक्षा कोंडल्याचा असतो. नाकात स्पंजचे किंवा पट्टीचे बोळे भरले असतील तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तोंडाने श्वास घ्यावा लागतो. तोंड कोरडं पडतं, गिळताना कानात दडे बसतात, डोळ्यांतून पाणी येतं, डोकं जड होतं, अन्नाची चव लागत नाही. रात्री दर तासाला जाग येते. दोन उशा घेऊन डोकं वर ठेवून झोपावं, पाण्याचा तांब्या उशाशी असावा. हल्ली अनेक डॉक्टर टाक्यांवर भागवतात आणि बोळे भरतच नाहीत, किंवा पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या ठेवतात, ज्या आठवड्याभराने काढतात. तुमच्या बाबतीत काय करणार हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारण्याजोगा आहे. बोळे काढताना काही सेकंद नकोसे वाटतात. नाकाच्या आतून केवढं मोठं काहीतरी ओढलं जातंय असं वाटतं, थोडं रक्त येतं, आणि मग बऱ्याच दिवसांनी पहिला श्वास आत जातो.

तो श्वास टिकत नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आतलं अस्तर सुजलेलं असतं, खपल्या धरतात, आणि आठवडा-दोन आठवडे जोरदार सर्दी झाल्यासारखं नाक बंद राहतं. ‘ऑपरेशन फुकट गेलं’ हे वाक्य याच काळात घराघरांत म्हटलं जातं. पहिले काही दिवस गुलाबी पाणी झिरपणं, वरचे पुढचे दात किंवा त्यामागची हिरडी बधिर वाटणं, वास कमी येणं हेही सहसा तात्पुरतं. दात बधिर होतात कारण त्यांच्याकडे जाणारी एक बारीक नस पडद्याच्या तळातूनच खाली उतरते. म्हणून पहिले काही दिवस कडक भाकरी बाजूला ठेवावी. मऊ खिचडी, ताकभात, गार झालेलं वरण बरं. झणझणीत शेंगाचटणीने नाक गळायला लागतं, तीही थांबवावी.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकून बादली उचलायची नाही, कढत पाण्याने अंघोळ नको, बोटाने खपल्या काढणं तर मुळीच नको. ऑफिसात बसून काम करणारा साधारण आठवड्याने कामाला लागतो. यंत्रमागावर काम असेल, बीम उचलायचे असतील, तर दोन-तीन आठवड्यांची सुट्टी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि परतल्यावर मास्क लावूनच शेडमध्ये जावं. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली असेल तर होम मैदानावरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा जत्रेच्या धुळीत त्या वर्षी न गेलेलं बरं. सिद्धरामेश्वर समजून घेतील.

खपल्या निघतात त्या मिठाच्या पाण्याने. फवारा किंवा धुण्याची बाटली मेडिकलमध्ये मिळते. घरी करायचं तर अर्धा लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घराघरांत ते पिंपात-टाकीत साठतं, आणि साठवलेलं पाणी तसंच नाकात घालणं धोक्याचं आहे. जलनेतीची सवय असलेल्यांनीही डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावं. ‘उन्हाळ्यात नाकाचं ऑपरेशन करू नये’ असं इथे सर्रास म्हणतात. तसा नियम नाही. पण चाळिशीपार उन्हात हवा इतकी कोरडी असते की धडधाकट मुलांचाही घोळणा फुटतो. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया केली तर हे धुणं दिवसातून जास्त वेळा करावं लागेल आणि कूलरचा झोत तोंडावर घेता येणार नाही, एवढं धरून चालावं. घाईचं दुखणं नाही, तेव्हा मोसम निवडायला हरकत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र सकाळची वाट बघायची नसते. नाक दोन्हीकडून गच्च बंद होऊन ठणका वाढत चालला आणि ताप आला, तर पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचलेलं असू शकतं. वर सांगितलं तसं कूर्चेचं पोषण अस्तरातून होतं. मध्ये रक्त साचलं की ती काही दिवसांत मरते आणि नाक खचतं. ते लगेच काढून टाकावं लागतं. घरी आल्यावर रक्त सुरू झालं तर पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग चिमटीत धरावा. तरी थांबलं नाही तर थेट रुग्णालय. आठवडाभराने खपली सुटतानाही असं होऊ शकतं. वाकल्यावर एका बाजूने पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकणं, डोळ्याला सूज किंवा अंधुक दिसणं, नाकात बोळे असताना जोराचा ताप, जुलाब आणि अंगावर लाली, हे सगळं फार क्वचित होतं, पण झालं तर ताबडतोब दाखवावं.

पैशाचं बोलायचं तर शहरात पर्याय आहेत. लोक ज्याला नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे रांग लांब, पण खर्च कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं घेऊन आधीच विचारावं. खाजगी विमा असेल तर पॉलिसी काढून बघावी. बऱ्याच पॉलिसींत कान-नाक-घशाच्या अशा शस्त्रक्रियांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. खाजगीत दर विचारताना सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली आणि साहित्य यांचा वेगवेगळा हिशेब मागावा.

शस्त्रक्रियेने घोरणं कमी होऊ शकतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार नुसत्या याने जात नाही. ॲलर्जी असलेल्यांना जखम भरल्यावर फवारा पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तो मारण्याची एक रीत आहे: डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने, म्हणजे फवाऱ्याचं तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेला राहतं. सरळ पडद्यावर मारला तर तिथे कोरड पडून रक्त येतं.

अस्तर पूर्ण बसायला आणि कूर्चा स्थिर व्हायला तीन ते सहा महिने लागतात. नाक कितपत मोकळं झालं याचा निवाडा तेव्हा करायचा. त्यानंतरही एक बाजू बंद असेल तर टर्बिनेट, ॲलर्जी, नाकपुडीच्या तोंडाशी असलेली अरुंद फट, किंवा आत दोन अस्तरं एकमेकांना चिकटलीत का, हे दुर्बिणीने पुन्हा पाहतात. थोड्या जणांना दुसरी शस्त्रक्रिया लागते. ती जास्त अवघड असते, कारण अस्तर एकदा सोडवून चिकटलेलं असतं आणि खाली कूर्चा किती उरली हे बाहेरून कळत नाही. ते पहिल्या वेळच्या डिस्चार्ज कार्डात आणि ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. ते कागद फाइलमध्ये जपून ठेवावेत. डॉक्टर बदलले तर पहिल्यांदा तेच मागतील.